आडात टांगलेलं गाडगं

ज्या कामावर माझी नोकरी पक्की झाली, ते काम मला सुचलं नव्हतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली, म्हणून लिहितो.

कंधारपासून तीन कोसांवरच्या एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली होती. निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. मी तिथे आरजी, म्हणजे हंगामी, सॅनिटरी इन्स्पेक्टर. गावाला प्यायच्या पाण्याचा आड एकच. त्यात मी ब्लीचिंग पावडर टाकली की दोन दिवस पाण्याला उग्र वास यायचा. बायका घागरी घेऊन सरळ ओढ्यावर जायच्या, आणि पटकी होती ओढ्यातच. तिसऱ्या दिवशी वास जायचा, बायका आडावर परतायच्या. पण तोवर दवेचा असरही गेलेला असायचा. रोज नवं घर रडायचं.

तेवढ्यात हैदराबादेहून हुकूम आला. पटकीवर ज्याला जी युक्ती सुचेल ती त्यानं मांडावी, हकीम असो की कारागीर. डॉक्टरनं सगळ्यांना एकत्र बसवावं. सामान सरकार देईल. युक्ती लागू पडली तर सुचवणाऱ्याचं नाव जरीद्यात, म्हणजे सरकारी गॅझेटात, छापून येईल. आम्ही दवंडी दिली.

तालुक्याचे डॉक्टरसाहेब आले, चावडीवर बैठक बसली. महादेवाच्या देवळातली गुरवीण, गिरजामावशी, दारातूनच बोलली.

"महादेवावर तुमी घागर उपडी करताव का? गळती टांगताव. थेंब थेंब पडतंय, दिसभर पिंड वली ऱ्हाती. आडाला बी तसंच द्या की."

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले. "इन्स्पेक्टर, तुम्ही रोज त्या देवळावरून जाता. तुम्हाला काहून नाही सुचलं?"

मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

दवा भरलेलं, भोक पाडलेलं गाडगं आडात टांगायचं ठरलं आणि ते घडवायचं काम धोंडीबा कुंभाराकडे गेलं. तो कुरकुरला, "बिनभोकाची मडकी करायला बापानं मारून शिकवलं. आता सरकार भोकाचं मागून ऱ्हायलंय."

"तुझी बिनभोकाची तरी कुठं धड असत्यात रे," मावशी म्हणाली.

पहिलं गाडगं फसलं. भोक मोठं झालं, एका दिवसात सगळी पावडर पाण्यात उतरली आणि पुन्हा तोच वास. बायका पुन्हा ओढ्यावर. धोंडीबानं दुसरं गाडगं आणलं, त्या गाडग्याला दोन बारीक भोकं होती आणि शेजारी टोपलीभर जाडी वाळू. "दवा वाळूत कालवा," तो म्हणाला, "म्हंजी दमानं झिरपंल." डॉक्टरसाहेबांनी डोस ठरवला. गाडग्याचं तोंड बांधून आम्ही ते दोरीनं पाण्याखाली सोडलं.

पाण्यात दवा शिल्लक आहे का, हे बघायला आमच्याकडे एक औषध असायचं. दवा असली तर पाणी निळं होतं. चौथ्या दिवशी पाणी फिकट निळं झालं. आडावरच्या एका बाईला मी विचारलं, "वास येतो का?"

"कशाचा?" ती म्हणाली आणि पोहरा ओढत राहिली.

मी तिथेच काठावर बसलो. पुढे आठ दिवस नवा रोगी नाही, मग पंधरा दिवस नाही. छातीवरचं जातं उतरल्यासारखं वाटलं. इथे थांबलो असतो तर बरं होतं.

"रिपोर्ट तुम्हीच लिहा, तुमची उर्दू चांगली आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. माझी मुदत त्याच महिन्यात संपत होती. युक्ती सुचवणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. खाली लिहिलं, गिरजाबाई आणि धोंडीबा यांनी माझ्या सांगण्यावरून मजुरी केली. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. त्यांना मी तो रिपोर्ट मराठीत वाचून दाखवला, आणि वाचताना त्यांचीच नावं घेतली.

"माझं नाव हाय न्हवं त्यात?" मावशीनं विचारलं.

"हाय, मावशी."

तिनं अंगठा उठवला आणि बोटाची शाई चावडीच्या भिंतीला पुसली. धोंडीबानंही उठवला. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट न वाचताच सही करून पुढे पाठवला. जरीद्यात माझं नाव आलं. मी कायम झालो. ती गाडगी चाकूर, धर्माबादपर्यंत गेली.

राज्य बदललं, नोकरी चालू राहिली. मागच्या महिन्यात मी सगळं खात्याला लिहून दिलं. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, असं धरूनच गेलो होतो. साहेबांनी कागद दोनदा वाचला, म्हणाले, "बरं केलंत," आणि नोंदीत ती दोन नावं चढवायला सांगितली. बाहेर येऊन मी लागोपाठ दोन कप चहा प्यालो. इतक्या वर्षांत चहा असा लागला नव्हता.

युक्त्या मागवणारा तो हुकूम चांगलाच होता. ज्यांच्याकडून युक्ती घ्याल, त्यांना कळेल अशा भाषेत रिपोर्ट लिहा आणि लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तो त्यांना वाचून दाखवा, एवढं एक कलम त्यात हवं होतं.

गिरजामावशी वारली. धोंडीबा त्याच गावात आहे. त्याच्यासमोर बसून हे तोंडानं सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.