डावीकडची सीट

आमच्या दर्पण कॉलनीत जगदेवराव राहतात. त्यांचे पणजोबा म्हणे शिंद्यांच्या छावनीत घोडेस्वार होते. हा पणतू पाल दिसली की पलंगावर चढतो. वीजमंडळातून निवृत्त झालेला हा गृहस्थ मिशांना तूप लावतो, असं मी कॉलनीभर सांगितलं आहे, आणि ते खोटं आहे हेही कॉलनीला ठाऊक आहे. पण पुढचं जे सांगतो त्यात मीठमसाला नाही.

त्यांची पांढरी गाडी त्यांच्या मुलीपेक्षा, गरिमापेक्षा, वयाने मोठी. ती लावायची यांची एक तऱ्हा आहे. फाटकापाशी उतार, म्हणून पुढचं चाक दगडी पायरीला दाबून उभी करायची. मग किल्ली काढली की स्टिअरिंग त्या ताणातच अडकून बसतं आणि सकाळी किल्ली फिरत नाही. अशा वेळी हे म्हणायचे, "सुधा, जरा..." आणि डावीकडे बसलेल्या सुधाताई, यांच्या पत्नी, उजव्या हाताने स्टिअरिंग हलकेच ढकलायच्या. मग किल्ली फिरायची. वर्षानुवर्षं हेच.

मी शेजारी, माझ्या फाटकातून ओरडायचो, "राव, एवढीशी गाडी आणि दोन दोन ड्रायव्हर!"

"भावजी, तोंडापेक्षा हात चालवा, या धक्का मारायला!" असं म्हणून सुधाताई काच वर करायच्या. उन्हाळा असो की थंडी, वारा लागला की त्यांचं डोकं दुखायचं.

मागच्या कार्तिकात सुधाताई गेल्या.

तेरावं झालं, त्यानंतरच्या सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आलो, तर जगदेवराव गाडीत एकटेच. एक हात किल्लीवर, दुसरा मांडीवर. डावीकडे मान वळवून म्हणाले, "सुधा, जरा..."

स्टिअरिंग बोटभर हललं. गाडी सुरू झाली.

दुधाची पिशवी माझ्या पायावर फुटली. हे मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या पोटात काही राहिलं, यावर तिचा विश्वासच बसला नसता.

उन्हाळ्यापर्यंत असंच चाललं. मग स्टिअरिंगचं कुलूप आतून इतकं झिजलं की दोनदा, तीनदा 'सुधा, जरा' म्हणावं लागे. एक दिवस किल्ली फिरलीच नाही. गरिमा इंदूरहून आलेली होती. तिने ताबडतोब शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या सौरव मेकॅनिकला बोलावलं. "बाबा, बस झालं आता. नवीन लॉक लावून घ्या. रस्त्यात अडकलात म्हणजे?"

जगदेवरावांनी मला व्हरांड्यात ओढलं. "लक्ष्या, नवीन लॉक लागलं की चाबी एका हाताने फिरेल ना?"

"फिरेल की. त्यासाठीच तर लावायचं."

"मग ती कशाला येईल?"

माझ्या तोंडात एक विनोद तयार होता. तो मी गिळला.

भर दुपार. गरम वाऱ्याची लू चालू, त्यात लाइट गेलेली, गल्लीतले सगळे कूलर एकदम मुके झालेले. सौरव स्टिअरिंगखाली डोकं घालून बसला होता. म्हणाला, "अंकल, चाबी एक खटका घूमेगी, तभी पुराना लॉक बाहर आएगा. नहीं तो ड्रिल मारना पड़ेगा." त्याच्याने ती फिरेना. मग मला डावीकडे बसवून स्टिअरिंग ढकलायला लावलं. मी इकडे ढकललं, तिकडे ढकललं. दगड बरा.

जगदेवराव उजव्या खिडकीतून वाकले. "लक्ष्या, हात काढ."

मी काढले.

"सुधा, जरा... हे शेवटचं."

माझ्या डोळ्यांसमोर स्टिअरिंग हललं. खट्. किल्ली फिरली. सौरवने लगेच बारीक भोकात तार खुपसून खटका दाबला आणि कुलूप अलगद त्याच्या हातात आलं. खालूनच तो ओरडला, "वाह लक्ष्मीकांत अंकल, क्या धक्का दिया!"

माझे दोन्ही हात मांडीवर होते. आणि मी केव्हाचा दाराला चिकटून, अंग चोरून बसलो होतो; सवारी टेम्पोत शेजारी बाईमाणूस बसलं की बसतो तसा.

नवं कुलूप बसलं. सौरव एक चक्कर मारून आला आणि गाडी गल्लीच्या मधोमध सरळ उभी करून त्याने किल्ली दोन बोटांनी फिरवून दाखवली. गरिमा खूश.  संध्याकाळी मात्र जगदेवरावांनी गाडी स्वतः लावली. चाक पायरीला दाबून.

सकाळी गरिमाला स्टेशनवर सोडायचं होतं; मी माझ्या फाटकात उभा होतो. ती पुढचं दार उघडायला गेली, तर हे म्हणाले, "मागे बस, बेटा."

"का? पुढे कोण आहे?"

त्यांनी मागचं दार उघडून धरलं. ती मागे बसली. जगदेवरावांनी नवी किल्ली घातली. फिरली नाही. का अडली ते मला पक्कं कळत होतं. चाक दाबून लावलं तर नवं कुलूपही अडणारच. त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर काढला, मला नीट दिसेल असा. डावा हात लांबवून किल्ली धरली.

"सुधा, जरा..."

अडलं का ते मला कळत होतं. सुटलं कसं, ते नाही.

मागच्या काचेत गरिमाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. गाडी निघाली, उन्हात नुसती भाजत होती. पुन्हा वर बघितलं तेव्हा गरिमाने मागून पुढे वाकून हात लांबवला होता आणि ती पुढच्या डाव्या खिडकीची काच हळूहळू वर करत होती.