सुटं ठेवलेलं शेवटचं पान

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकूनसवरून असलं लिहिते, असं कोणी म्हणेल या भीतीनं तीन महिने गप्प बसले... आता जमेल तसं सांगते.

आम्ही सेनगावचे. बसस्टँडमागे बाबांचं पुस्तकं बांधायचं लहानसं दुकान होतं. बाबांना वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे ओळखायचे. शिवण गेलेलं पुस्तक आलं की आकडे बघून ते पानं लावायचे. पण वाळवीनं कडा खाल्ल्या, आकडेच गेले, की ते काम माझं. एका पानाचं अर्धं राहिलेलं वाक्य वाचायचं आणि ते कुठल्या पानावर पुरं होतं ते शोधायचं. मला वाचनाची गोडी लागली ती अशी.

बाबा आठ-दहा पानांचा एकेक जुडगा शिवत जायचे. दाभणानं पाच भोकं पाडायचे. दोऱ्याला मेण लावताना त्यात चिमूटभर हळद घालायचे, त्यामुळे दोरा पिवळा दिसायचा. शेवटचं पान मात्र सुटं ठेवायचे. "हे तू ठेव, माय," म्हणायचे. मी ठेवलं की दोरा ओवून वर गाठ.

आठवीत असताना एका शाळेच्या लायब्ररीचं पुस्तक आलं. आपल्याच भागातल्या एका माणसाच्या आठवणी होत्या. आकडे गेलेले. त्या दिवशी मैत्रिणी सिद्धेश्वरच्या धरणावर निघाल्या होत्या, जीप उभी होती. मी घाईत पानं कशीही लावून दिली... आठवड्यानं तिथले सर दुकानात आले. चार गिऱ्हाईकं उभी होती.

"वाचता येत नाही, तर कशाला घेता हो पुस्तकं बांधायला?"

"माझ्याच हातून झालं सर. खोलून देतो," बाबा म्हणाले.

मी तिथंच उभी होते. त्यानंतर बाबांनी मला पानं लावायला कधी सांगितलं नाही. "तू अभ्यास कर," म्हणायचे. मी बारावीत असताना ते गेले. चूक माझी होती, हे त्यांच्यासमोर कबूल करायचं राहूनच गेलं.

आता मी हिंगोलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुनी, सहीची पुस्तकं विकणाऱ्या एका पेजवर मला तेच पुस्तक दिसलं. शाळेची प्रत नव्हे, दुसरी. हिच्या पहिल्या पानावर लेखकाची सही होती आणि सहीशेजारी शाईचा मोठा डाग. विकणाऱ्या काकांनी आधीच कळवलं होतं, "ताई, शिवण पार गेली आहे, आकडेही नाहीत. पानं तुम्हालाच लावावी लागतील. चालेल?"

मी लिहिलं, "चालेल."

"चालेल म्हणणाऱ्या पहिल्याच तुम्ही!"

खरं तर मला तेच हवं होतं. एकदा तरी ती पानं नीट लावायची होती.

मी सुट्टीत सेनगावला घरी आले होते, तेव्हा एका दुपारी पार्सल आलं. आई ओसरीवर तूर निवडत होती. टेप जशीच्या तशी होती. आत पुस्तकाला दोन रबरं लावलेली. ती काढली... आणि पुस्तक शिवलेलं होतं. सही तीच, डाग तोच.

मी काकांना बांधणीबद्दल धन्यवाद कळवले. त्यांचा लगेच फोन आला.

"कसली बांधणी? सुटी पानं रबर लावून पाठवली मी. चेष्टा करताय का गरिबाची?"

आईनं सूप बाजूला ठेवलं. पुस्तक हातात घेतलं, दोरा हुंगला.

"हे तुह्या बाबाचं काम हाय."

"आई, दुसऱ्या कोणी केलं असंल."

"पाच टोचे कोण मारून राहिलं आता? समदे पिना ठोकतात. अन् हळद कोण लावतं?"

तेव्हा मी बघितलं. शेवटचं पान सगळ्यात वर सुटं ठेवलेलं होतं. त्याला पाच भोकं पाडलेली, दोरा ओवलेला नव्हता. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

मला रडू आवरेना. आईला सगळं सांगितलं, धरणाचं, जीपचं, सरांचं.

"मला काय सांगून राहिली? त्यायनं त्याच दिशी सांगितलं व्हतं मला. लेकराला खेळायला जायचं व्हतं म्हणे."

"मग मला काहून बोलले न्हाईत?"

"तू रडली असती म्हणून."

पुढचे चार दिवस मी ते पुस्तक वाक्याला वाक्य जोडून वाचलं. एकही पान चुकलेलं नाही. बाबांना वाचता येत नव्हतं... मग आकडे नसलेली ही पानं त्यांना कोणी लावून दिली? पोस्टात, वाटेत, कुठं हे झालं असेल? काकांनी पाठवण्याआधीचा फोटोही दिला, त्यात पानं सुटीच आहेत. मला अजून काही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा. फक्त हसू नका.

ते शेवटचं पान मी त्याच्या जागी ठेवलं आहे. आई म्हणते, दोरा ओवून गाठ मारून टाक.

मी मारलेली नाही. गाठ नेहमी बाबाच मारायचे.