रिकाम्या मोटारीचा करंट

धाकटी जाऊ घरात येईपर्यंत विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या घरच्या दुकानात शेवटचा शब्द मोठीचा असे. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी भरायचं काम ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली होती. धाकटी आली ती डिप्लोमा घेऊन. सासऱ्यांना आता मीटरचे काटे नीट दिसत नव्हते. टेस्टिंगच्या टेबलावर दोघींपैकी कुणाला बसवायचं, याचा ते विचार करत होते. "धाकटीचा हात काय सुबक आहे!" असं ते येताजाता म्हणत आणि मोठीच्या अंगाचा तिळपापड होई.

सासरे जेवायला गेलेले असताना धाकटीने एकटीने भरलेली पहिली मोटार सुरू केली. आवाज कसा एकसारखा! मोठीने वायरभोवती करंट मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला.

"अगं बाई! पंप नाही, पट्टा नाही, नुसती फिरतेय, तरी एवढा करंट? कॉइल बिघडवलीस तू. ग्राहकाकडे जाऊन जळेल ही."

धाकटीचा चेहरा एवढासा झाला. मोठीला बरं वाटलं.

खरं तर तिला चांगलं ठाऊक होतं. रिकाम्या मोटारीलाही चुंबकत्व उभं करावं लागतं. त्यासाठी लागणारी वीज तारेतून येते आणि लगेच माघारी जाते. क्लॅम्प मीटरला ही सगळी ये-जा दिसते. त्यातली प्रत्यक्ष खर्ची पडते ती थोडीच, आणि ती दाखवतो वॅटमीटर. तो कपाटात होता. मोठी कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

धाकटीने मोटार बंद केली, उघडली आणि छिन्नी उचलली. "बाबा यायच्या आत तार काढून टाकते."

"टाक," मोठी म्हणाली.

छिन्नी कॉइलवर टेकली. "पुस्तकात तर रिकाम्या मोटारीचाही करंट बराच असतो असंच होतं, ताई. पण तुम्ही म्हणताय म्हणजे चुकलंच असेल माझं."

"थांब!" मोठी एवढ्या जोरात ओरडली की धाकटीच्या हातून छिन्नीच पडली. "झाकण लाव, पुन्हा जोड. मोटार चांगली आहे."

तिने वॅटमीटर काढून जोडून दिला. मोटार सुरू झाली, काटा जेमतेम हलला. धाकटी बघतच राहिली. मग तिने धावत जाऊन वीज साठवून परत देणारा कॅपॅसिटर आणला आणि मोटारीला समांतर जोडला. बाहेरून येणारा करंट झपकन उतरला, वॅट मात्र जवळपास तेवढेच राहिले.

"आता विजेची ये-जा मोटार आणि कॅपॅसिटर या दोघांतच चालते, ताई!"

"वा!" दारातून सासरे म्हणाले. "उद्यापासून टेबलावर तूच बस गं."

"आणि ताई?"

"तिला काय, सगळं येतंच."

मोठीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. धाकटी वॅटमीटर कपाटात ठेवायला निघाली.

"तिथे नको," मोठी तुटकपणे म्हणाली. "टेबलावरच ठेव. हाताशी असू दे."