विमानात उठायचं नसतं, असं वाटायचं काकांना

काका वारले त्याला महिना झाला. दुकानाला कुलूप आहे. पण ते आठवले की मला आधी हसूच येतं, काय करू.

काका टेलर होते. चाळीस वर्षं उभं राहून कापड कापलं, कारण बसलं की अर्ध्या तासात त्यांची कंबर धरायची. शिवायला कारागीर होता. कुणाकडे गेले तरी भिंतीला टेकून उभे. काकू म्हणायची, ह्यांना खुर्ची नको, खुंटी द्या.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी ताई, लग्न होऊन परदेशात गेली. तिला मुलगी झाली तेव्हा तिने दोघांना बोलावलं, तिकीट मी काढते म्हणाली. काका हो म्हणाले, फोन ठेवला आणि मला विचारलं, किती लांब गं ते? मी मोबाईलवर बघितलं. साडेसात हजार किलोमीटर, नऊ तास चाळीस मिनिटं.

किलोमीटरचं त्यांना काही नाही. म्हणे, एवढा दोरा तर माझ्या दुकानानेच खाल्लाय. पण नऊ तास चाळीस मिनिटं ऐकून तोंडचं पाणी पळालं. नातीचं तोंड तर बघायचंय, पण एवढं बसायचं कसं?

मग रविवारी त्यांनी घरीच तालीम केली. शेजारचे विमानात बसून आलेले, त्यांनी दोन हात पसरून दोन सीटमधली जागा दाखवली, काकांनी त्या हातांवरच टेप लावली. एकतीस इंच. तेवढंच अंतर ठेवून कपाटासमोर खुर्ची मांडली, पोटाला पट्टा आवळला आणि सकाळी आठला जे बसले ते बसले. काकूने जेवण ट्रेमध्ये दिलं. वर म्हणते, दुसऱ्यांदा वाढत नाहीत हं, आणि खिडकीतून बघा ढग दिसतात का. खाली नुसती वाळत घातलेली धुणी.

अकरापर्यंत चेहरा पिवळा पडला. एक वाजता डोळ्यात पाणी. मला म्हणाले, ताईला फोन लाव, सांग बाबांना नाही जमत.

मी व्हिडिओ लावला. ताईने बाप बांधलेला बघितला, आधी खूप हसली, मग विचारलं, "पण मध्ये उठला का नाहीत?"

"चालत्या विमानात कुणी उठतं का? एका बाजूला कलंडेल ना ते."

"बाबा, लोक उठतात. मागे जाऊन उभे राहतात, गप्पा मारतात."

काका मोबाईलकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "उभं राहू देतात?"

ती हो म्हणायच्या आत पट्टा सुटला होता.

आणि दोघं विमानाने गेले. काकू सांगते, अर्धा प्रवास मागे उभे होते, तिथल्या जेवण वाढणाऱ्या पोरीला सांगून आले की तुझ्या कोटाचा खांदा अर्धा इंच उतरलाय, शिवणाऱ्याला सांग.

तिथे पोचल्यावर ताईने बाळ मांडीवर दिलं आणि ते तिथेच झोपलं. काका दोन तास खुर्चीत बसून राहिले. काकूने तीनदा विचारलं, घेऊ का हिला, कंबर धरेल. त्यांनी नुसतं तोंडावर बोट ठेवलं.