जावयाचं पान

“कंटाळून लिहिलेलं कोण वाचणार, माझी सासू?” असं आत्या एकदा म्हणाल्या होत्या.

आत्या ऑफिसात कुणाच्याच आत्या नव्हत्या. आम्ही लिफ्ट चालवणारे प्रोग्राम बनवतो. त्यांचा कुठला भाग कसा वापरायचा, हे लिहिणं आत्यांचं काम. बिनखिडकीच्या कोपऱ्यात, एसीच्या घरघरीखाली बसून त्या लिहायच्या आणि एकट्याच खुदखुदायच्या.

प्रोग्राममध्ये प्रत्येक लिफ्ट म्हणजे एक झाकलेली पेटी. लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे, तो आकडा पेटीच्या आत. बाहेरच्यानं फक्त ‘सातव्यावर जा’ म्हणायचं. दार लावणं, मोटर फिरवणं, आकडा बदलणं पेटी स्वतः करते. पण पेटीला कुलूप नव्हतं. घाईतला माणूस थेट आत हात घालून आकडाच बदलायचा. म्हणून आत्यांनी तिथे लिहिलं होतं : ‘जावईबापू, पातेल्यात हात घालू नका. वाढा म्हणा, वाढू.’ आणि त्याखाली, सरळ चार ओळींत, कसं मागायचं ते.

आमच्याकडे पानांचे खरे मथळे कुणालाच ठाऊक नव्हते; आत्यांच्या विनोदांवरूनच पान सापडायचं. “दार अडकलं तर?” “रुसलेल्या नवरीखाली बघ.” “आणि जास्त वजन?” “जाडोबा काका!”

मग नवे साहेब आले.

“मॅडम, ही माहिती आहे की वरात?”

“वरातीला माणसं तरी येतात, साहेब.”

“सगळे विनोद काढा.”

“काढते. पण मग या महिन्यानंतर मीही नाही. कोरडं लिहायला कुणीही मिळेल तुम्हाला.”

विनोद गेले. कोपऱ्यातलं हसूही गेलं. एसीची घरघर तेवढी राहिली, आणि ती इतकी मोठी आहे हे आम्हाला आधी माहीतच नव्हतं.

महिना सरत आला असताना एक ग्राहकबाई लिफ्ट बघायला आल्या. हॉलमध्ये गुडघ्याएवढी काचेची नमुन्याची लिफ्ट होती. ती सातव्यावर न्यायची, तर साहेबांना आज्ञा सापडेना. आम्हीही पानं चाळत बसलो, खुणाच पुसलेल्या. बाई घड्याळ बघायला लागल्या, तसा साहेबांनी घाईघाईनं कॉम्प्युटरवर थेट पेटीतच हात घालून आकडा बदलला.

“ही बघा, सातव्या मजल्यावर!” पडद्याकडे बोट दाखवत साहेब म्हणाले.

बाई वाकल्या. काचेतली लिफ्ट तळाशीच होती, दार उघडं टाकून.

“मग वर गेली ती कुठली?”

“जावयानं हात घातला!” मागून आमची एक प्रोग्रामर फुटलीच. सगळे हसायला लागले. कोण जावई, म्हणून बाईंनी विचारलं. सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की खुर्ची ओढून बसल्या. “ते पान मला पाठवा. आमच्याकडे असे जावई ढिगानं आहेत.”

साहेब कोपऱ्यात गेले. आम्हीही मागोमाग.

“आत्या,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच. “सगळी वरात परत आणा. आणि तुम्हीही राहा.”

आत्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. जावयाला जागेवर बसवलं आणि खाली एक ओळ वाढवली : ‘आमच्या साहेबांनीही एकदा आत हात घातला. लिफ्ट खालीच राहिली. साहेब मात्र सातव्यावर पोचले.’

साहेबांनी वाचलं. 

“‘मोठ्या थाटात’ राहिलं,” ते म्हणाले. “मोठ्या थाटात सातव्यावर पोचले.”

आत्यांनी ते दोन शब्द घातले. पर्स खुर्चीवरच ठेवून चहाचा रिकामा कप उचलला, आणि खुदखुदत, खांदे हलवत चहा आणायला गेल्या.