यंत्राचा सत्कार

घाटंजीच्या सभागृहात चॅटबॉटला प्रश्न कसा विचारावा, याचं प्रशिक्षण होतं. दीपप्रज्वलन आणि सत्कारात पाऊण तास गेल्यावर प्रशिक्षकांनी मंत्र दिला: विचारण्याआधी यंत्राला सांगा, तू वीस वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ आहेस. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे शाल-श्रीफळाशिवाय कोणी तोंड उघडत नाही. यंत्राने तरी का उघडावं?

बाजूच्या खुर्चीवर माझा शेजारी होता. सकाळी कपाशीवर फवारणी करून, नुसता सदरा बदलून तो माझ्या गाडीवर मागे बसून आला होता. डोळे लाल, पाणी थांबेना. सरावाची वेळ आली तेव्हा त्याने मोबाइलला विचारलं, "फवारा मारून आलो, डोये झोंबून राह्यले, मळमळते. काय करू?"

उत्तर आलं: डोळे भरपूर पाण्याने धुवा, अंगावरचे कपडे बदला, औषधाचा डबा घेऊन लगेच दवाखान्यात जा.

तो उठू लागला. प्रशिक्षकांना आयतं उदाहरण सापडलं.

"थांबा काका. प्रश्न कच्चा आहे. आपण सुधारू."

प्रश्न पडद्यावर चढला. यंत्राला आधी कृषितज्ज्ञ केलं. मग उत्तर नम्र हवं, असं ठरलं. मग तक्ता हवा, असं. आणि हे लिहायलाच हवं: 'झोंबून राह्यले' काढून 'चुरचुरत आहेत' घाला, असं मी सुचवलं. तीस वर्षं मराठी शिकवल्याचा माज. प्रशिक्षक "वा, सर" म्हणाले. टाळ्या पडल्या.

दर खेपेला उत्तर लांबत गेलं. चौथ्या खेपेला कीड व्यवस्थापनाची प्रस्तावना आली, हातमोज्यांचे प्रकार आले आणि दवाखाना तक्त्याच्या शेवटच्या ओळीत जाऊन बसला.

"गुर्जी, आता जाऊ का? का अजून सुधरवा लागते मले?"

दारापर्यंत पोचायच्या आत तो ओकला. तेव्हा कुठे मी वही मिटली.

सरकारी दवाखान्यात त्याचे डोळे धुता धुता डॉक्टरने एकच प्रश्न विचारला. "कोणतं औषध मारलं?"

त्याला आठवेना. डबा बांधावर पडलेला. त्याच्या बायकोला फोन लावला. तिने वावरात जाऊन डब्यावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. तोवर डॉक्टर ताटकळला. तासभर आम्ही यंत्राचं पद ठरवलं, सूर ठरवला, रकाने आखले. औषधाचं नाव एकानेही विचारलं नाही. डबा सोबत न्या, एवढं त्या यंत्राने कच्च्या प्रश्नालाच सांगितलं होतं.

चार दिवसांनी शेजारी घरी आला आणि माझ्या ओट्यावर टेकला. त्याच सकाळी माझ्या मोबाइलवर 'उत्कृष्ट सहभाग' असं प्रमाणपत्र येऊन पडलं होतं.

"डॉक्टरले तुम्ही कोनती पदवी देल्ती, गुर्जी?"

"कोणतीच नाही."

"तरी बराबर इचारलं त्यानं."

ते चार दिवस मी प्रशिक्षकाला भेटेल त्याच्यापुढे शिव्या घालत होतो. टाळ्या मात्र माझ्या शब्दाला पडल्या होत्या.