सोवळ्यातून वाचलेली बाटली

"बाटली खाली ठेव आणि लांब हो," गुरुजी ओट्यावरनं म्हनले.

ठेवली. मातीत. लांब झाले.

लढाईची सालं हुती. आईचे गुडघे धरले हुते. नगरच्या दवाखान्यातनं मी तिच्यासाठी औषध आनलं. देनारा खिडकीतनंच म्हनला, "सगळं वर लिहिलंय." लिहिलं हुतं खरं, पन इंग्रजीत. आमच्या महारवाड्यात कुनाला येतंय इंग्रजी? गावात येत हुतं ते एकट्या शाळेतल्या गुरुजींना. आन गुरुजी म्हंजे आपला मानूस. काष्टीच्या बाजारात उभं राहून बोलले हुते, "माझ्या मनात शिवाशिव नाही." मी म्होरंच बसले हुते. डोळ्यात पानी आलं हुतं माझ्या.

त्या सकाळी ते सोवळं नेसून पूजेला निघालेले. ओट्यावरनंच वाकले, बाटलीकडं बघितलं. "दोन वेळा पाज. जेवणानंतर."

पाजलं. माझ्या हातानं. पहिल्याच घोटाला आईनं गळा धरला. आग आग म्हनत लोळाया लागली. जीव वाचला तिचा. आवाज गेला तो गेलाच.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं बाटली हातात घेतली, फिरवून वाचली. "अगं, हे चोळायचं. पोटात घेऊ नये, असं मागच्या बाजूला लिहिलंय."

मागच्या बाजूला. बाटली फिरवायची तर शिवावी लागती.

तशीच गुरुजींच्या दारात गेले. "तुमी वाचलं हुतं का?"

"सोवळ्यात होतो गं. दवाखान्याचं नाव दिसलं. वाटलं, पोटातलंच असेल."

वाटलं. "वाचलं न्हाई" म्हनाया जीभ जड झाली, आन "पाज" म्हनाया झाली न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, त्या खातच वाढलो आमी. पन ह्यो आपला म्हनवून घेनारा. केसानं गळा कापला ह्यानं, त्यो बी माझ्या आईचा.

मी पायरी चढले. ओट्यावर उभी राहिले. बाटली म्होरं धरली. "आता घ्या हातात. वाचा."

ते मागं सरले. "खाली ठेव."

न्हाई ठेवली.

तवापासनं औषध सांगनारा कुनी बी असू दे, डाक्टर असो नायतर गुरुजी, त्याला माझं एकच सांगनं. बाटली हातात घे, चारी बाजूंनी वाच, मंग तोंड उघड. ठावं नसंल तर ठावं न्हाई म्हन. तुझं सोवळं तुझ्यापाशी ठेव. तुझा अंदाज आमच्या घशात वतू देनार न्हाई.